पृथ्वी चोरीला गेली तेव्हा

चोर शोधायचा म्हटला की आमच्या मिठागरावर माझ्याच नावाने हाका पडत! म्हणून ठाण्याच्या इंग्रजी शाळेतून पृथ्वी चोरीला गेली, तेव्हा मी मिशीला पीळ देऊनच उठलो.

हो, मिशीला. अक्षरांशी माझी गाठ उशिरा पडली. त्यामुळे वर्गात मिशीवाले दोघेच, हेडमास्तर सदाशिवपंत आणि मी. पृथ्वी मी कधी पाहिली नव्हती. वर्षातून एकदा, तपासणीचे साहेब आले की ती बाहेर निघते, असं ऐकलं होतं. आता साहेब उद्या येणार आणि पृथ्वी नाही!

"काल आतल्या खोलीत शिक्षेला कोण होतं? रघु!" पंत गरजले. "नाव काढून टाकतो तुझं! दुपारच्या गाडीने कल्याण गाठ!"

रघु एरवी भलता वात्रट. आता भिजल्या कोंबडीसारखा उभा. माझ्या अडलेल्या बेरजा हाच सोडवायचा, हा गेला तर माझं शिक्षणही गेलंच!

"पंत, थांबा," मी म्हणालो. "अख्खी पृथ्वी! एकट्या पोराला उचलेल का? बैलगाडी लागली असणार. चाकांच्या खुणा बघितल्या?"

पंतांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, माझ्या हुशारीने गार झाले. खरं तर मी त्या दिवशी थकलेलो होतो. चैत्र होता, पलीकडे पंतांच्या बिऱ्हाडी गौरीच्या हळदीकुंकवाची तयारी. आदल्या दिवशीपासून पंतांच्या बायकोची, गोदूबाईंची, निम्मी कामं माझ्याच गळ्यात. आंब्याचे डहाळे आण, हरभरे आण, पंच्यात गुंडाळलेलं कलिंगड आण. तेही इतकं हलकं, की पंतांना बाजारात कोणीतरी फसवलं म्हणून मला वाईट वाटलं.

"तांदूळ मागवा," मी म्हणालो. "आमच्यात चोर असाच धरतात. चिमूटभर चावून पानावर थुंकायचे. ज्याचं मन खातं, त्याचं तोंड कोरडं!"

बुडत्या पंतांनी ही काडीही धरली. पोरं रांगेने चावू लागली. पहिल्याचे तांदूळ कोरडे. दुसऱ्याचे कोरडे. तिसऱ्याचे तर वाळूसारखे! मी चक्रावलो. उद्याच्या साहेबांच्या धसक्याने साऱ्या शाळेचा घसा सुकला होता! शेवटी पंतांनी स्वतः चावले. नुसतं पीठ उडालं.

ओले निघाले फक्त रघुचे.

"तुझे कसे रे ओले?"

"माझं नाव काढलंच ना पंत! आता मला साहेबांचं भय कसलं? परशुरामदादा, तुम्ही चावा की!"

मी चावले. पेज!

"बघा!" रघु ओरडला. "आम्ही दोघे निर्दोष. बाकी सगळी शाळा चोर!"

पंतांचा हात छडीकडे गेला, तोच पलीकडून गोदूबाईंचा आवाज आला. "अहो, किती तो आरडाओरडा! पन्हं केलंय, पोरांना घेऊन या."

आम्ही अंगणात गेलो. दारातून आरास दिसत होती. वर पाळण्यात गौर, खाली फुलांत बसवलेला एक निळा-हिरवा गोळा.

"अगं, ही तर पृथ्वी!" पंत किंचाळले.

"मग? गौरीच्या पायाशी पृथ्वी शोभत नाही का? संध्याकाळी परत देणारच होते. परशुरामाला म्हटलं, आतल्या खोलीतलं ते पंच्यात गुंडाळलेलं गोल आण. बिचाऱ्याने अगदी छातीशी धरून आणलं हो!"

सगळी शाळा माझ्याकडे वळली. रघुच्या नाकातून पन्हं आलं.

"रघु, तुझं नाव राहू दे," पंत हळूच म्हणाले.

"आणि माझं?"

"तुझं साहेब ठरवतील."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी समुद्रातल्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. ते गोदूबाईंचं कुंकू. पंत पांढरे पडले. रघु ताडकन उठला, "ज्वालामुखी, साहेब!" साहेबांनी मान डोलावली.

मग माझी पाळी. "पृथ्वी कशी आहे?"

"गोल आहे, साहेब," मी म्हणालो, "आणि वजनाला अगदी हलकी!"