उतेकरसरांचा कूलर

आमचे शेजारी उतेकरसर घरी आलेल्या माणसाला पाणी विचारत नाहीत. त्याला कूलरसमोर बसवतात, "गार वाटतंय ना?" असं विचारतात आणि ओलाचिंब करून परत पाठवतात. मे महिन्यात महाडमध्ये एवढी सोय दुसरीकडे कुठे नाही.

बाहेरच्यांसाठी सांगतो. महाड बसलंय डोंगरांच्या मधोमध, खाली सावित्री नदी, आणि समुद्र दिसत नसला तरी त्याची वाफ नित्यनेमाने पोचते. दोरीवरचा टॉवेल इथे वाळत नाही, नुसता दमतो. अशा गावात पाण्यावरून वारा फिरवून गारवा देणारं यंत्र लावणं म्हणजे नदीत उभं राहून अंगावर तांब्या ओतून घेणं.

आणि हे सरांना कळत नाही असं मुळीच नाही. त्यांनी हयातभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि त्यातही हवेतली आर्द्रता हा त्यांचा जिव्हाळ्याचा धडा. "हवा म्हणजे भांडं," ते सांगत. "तापलं की मोठं होतं, निवलं की लहान. पाणी तेवढंच असलं तरी भांडं लहान झालं की सांडतं. कशेडी घाटात पहाटे धुकं दिसतं ना, ते हे सांडलेलं पाणी." मग एकाला उभं करून त्याच्या कपाळावरचा घाम वर्गाला दाखवत. "हा वाळत का नाही? भांडं भरलंय." तो एक म्हणजे बहुधा मी असे. त्या धड्यावर मला भोपळा मिळाला, पण उदाहरण म्हणून मी वर्गात पहिला होतो.

अजूनही रस्त्यात भेटले की नमस्काराच्या जागी "भांडं भरलंय आज" म्हणतात. कुणाची चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. गडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीत एक हॉटेलवाला गार पाण्याची बाटली पुसत "बाटली गळते" म्हणाला. ती गळत नाही, बाहेर जमलेलं पाणी हवेतलं आहे, हे त्याला पटवता पटवता सरांची रोपवेची पाळी गेली. आम्ही वर गड बघून आलो, तरी ते त्या बाटलीपाशीच होते.

असा माणूस रोज दुपारी कूलर लावतो. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, पोलादपूरकडच्या. त्यांना आडपडदा ठाऊक नाही. परवा आमच्या हिला हाक मारून म्हणाल्या, "गो, चिमूटभर मीठ दे. आमचं पिण्याजोगं झालंय." त्यांच्याकडचे पापड चादरीसारखे घडी घालून ठेवता येतात. कपाटाचं दार फुगून बसल्यामुळे सरांचा एकुलता एक कोट आत कोंडला गेलाय. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, खिडकी उघडली तर?"

"उघडीच आहे," सर म्हणाले.

खरंच होती. पण खिडकीबाहेरही महाडच होतं.

हा कूलर पाठवला मनीषाने, सरांच्या मुलीने, अकोल्याहून. सरांनी दासगावचं स्थळ पक्कं केलेलं असताना तिने अकोल्याच्या मुलाशी लग्न केलं. तेव्हापासून सर तिच्याशी बोलेनासे झाले. तिचा फोन आला की काकू बोलायच्या आणि सर वर्तमानपत्र वाचायचे, तेही मोठ्याने. मग गेल्या उन्हाळ्यात टेम्पोतून कूलर उतरला. खोकं आत घ्यायला मी होतोच. अक्कल लागत नाही अशा कामांना मला आवर्जून बोलावतात.

सरांनी कूलरभोवती एक फेरी मारली. "कोकणात कूलर? हिला मी हेच शिकवलं?"

"मग सांगा की तिलाच," काकू म्हणाल्या, आणि फोन लावून त्यांच्या हातात दिला.

पलीकडून आवाज आला, "बाबा, गार वाटतंय ना?"

सरांनी घसा साफ केला. मी मनात म्हटलं, आता अर्धा तास भांडं. मी बसूनच घेतलं.

"हो," सर म्हणाले.

तेव्हापासून रोज दुपारी तिचा फोन येतो आणि रोज दुपारी कूलर सुरू होतो, कारण पाण्याची खळखळ अकोल्यापर्यंत ऐकू जायला हवी.

यंदा मनीषा माहेरी येणार असं ठरलं आणि सरांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती समोर बसणार रे. तिला कळेल."

"कळलं तर कळलं, सर."

"वर्षभर बाप खोटं बोलला म्हणेल. पुन्हा बोलणं बंद झालं तर?" मग आवाज खाली आणून, "टाकीत बर्फ टाकला तर निदान पहिली बैठक निभेल."

बर्फ आणायची जबाबदारी माझ्यावर आली. आता बर्फाची लादी झटपट मिळण्याची आमची जागा म्हणजे मासळीबाजार. मी गोणपाटात गुंडाळून आणली आणि मागल्या दाराने टाकीत सोडली.

मनीषा आली, कूलरसमोर बसली. सरांनी बटण दाबलं. पहिला झोत खरोखर गार आला. दुसऱ्या झोताबरोबर बोंबील आले.

"बाबा, कूलरमध्ये काय आहे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोणपाट पाठीमागे धरलं, म्हणजे वास दोन्ही बाजूंनी येऊ लागला.

"बर्फ हाय. मासळीबाजारातला," काकू म्हणाल्या. "सांगा आता काय ते."

सर खुर्चीत ताठ झाले. "मनू, हा इथे चालत नाही. भांडं भरलेलं असतं. मला पहिल्या दिवसापासून..."

"माहीत आहे, बाबा. मी तुमच्याच वर्गात होते."

"मग पाठवलास कशाला?"

"चूक दिसली की तुम्हाला राहवत नाही. म्हटलं, रागवायला तरी फोन करतील. आणि तुम्ही 'हो' म्हणालात. मी इतकी घाबरले. लगेच आईला वेगळा फोन करून विचारलं, बाबांना बरं नाही का?"

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. शर्ट ओलाच होता, काच काही स्वच्छ होईना. तरी ते बराच वेळ पुसत राहिले.