पियानोची मोळी

नाक्यावरचा बांबू खाली आला आणि पियानो लादलेली बैलगाडी थांबली. शाळा समोरच होती. उघड्या खिडकीतून फळ्यावर लटारू मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलेले 'पियानो : जन्म व रचना' हे शब्दही वाचता येत होते.

"लाकूड हाये," इस्तारी नाकेदार गाडीला प्रदक्षिणा घालून म्हणाला. "पास कुठी हाये?"

"हे लाकूड नाही, वाद्य आहे," मास्तर म्हणाले.

इस्तारीने बोटाने टकटक करून पाहिले. "लाकूडच हाये, गुर्जी."

चांदा जिल्ह्याच्या या जंगलात माणूस कागदाशिवाय जन्मू शकत होता, मरूही शकत होता. लाकूड मात्र कागदाशिवाय हलत नसे. इस्तारीने पासाचे पुस्तक उघडले. "झाडाची जात लिहा लागते. पियानो कोन्त्या जातीचं झाड हाये?"

"झाड नव्हे, तो..."

"साग नाई, बीजा नाई, येन नाई. मंग परदेशी. त्याले चांद्याच्या साहेबाची सही लागते. आठ दिवस."

आठ दिवस नव्हतेच. गोरा जंगलसाहेब जाताना बंगल्यात सोडून गेलेला हा पियानो सात वर्षे धुळीत उभा होता. मास्तरांनी वनखात्याकडे अकरा अर्ज केले, तेव्हा तो एका दिवसापुरता मिळाला. दुपारी शाळा तपासनीस येणार होते. त्यांना धडा उपयुक्त वाटला तर पियानो शाळेचा; नाहीतर सोमवारी लिलाव. मास्तरांना बढती नको होती, बदली नको होती. धानाच्या बांधीतून बी.ए.पर्यंत पोचलेले त्यांच्या कुळातले ते पहिलेच. नागपूरच्या एका सभागृहात त्यांनी पियानो एकदाच ऐकला होता, आणि आपल्या आत एवढी रिकामी जागा आहे, हे त्या संध्याकाळी त्यांना प्रथम कळले होते. आपल्या मुलांनीही तो एकदा ऐकावा, एवढाच त्यांचा हट्ट होता.

"गुर्जी, इथीच वाजवा ना एकडाव," नाक्यापाशी धावत आलेल्या मुलांतून रंभा म्हणाली. चौथीतली ही मुलगी प्रश्न विचारी. म्हणून ती मास्तरांची लाडकी आणि बाकी साऱ्यांची डोकेदुखी होती.

"पहिला सूर असा रस्त्यात, शेणात उभं राहून ऐकायचा नसतो," मास्तर म्हणाले. वाक्य त्यांचे त्यांनाच आवडले.

गाडीसोबत आलेला सोमाजी सुतार इतका वेळ बिडी ओढत होता. "काऊन इस्तारीभाऊ," तो म्हणाला, "डोक्यावरच्या मोळीले पास लागते का?"

"मोळीले कायचा पास? थे जळतन हाये. निस्तारात माफ हाये."

इस्तारी खोटे बोलत नव्हता. घरच्या चुलीसाठी डोक्यावर मावेल तेवढे लाकूड नेण्याचा हा निस्तार हक्क गावाला पिढ्यान्‌पिढ्या होता. सोमाजीने बिडी विझवली, पियानोकडे पाहिले, मग मुले मोजली.

"मंग मोळ्या करू."

मास्तर गाडीला आडवे झाले. "सोमाजी, परत जोडता येईल ना?"

"खोलता येते मले, हे पक्कं. जोडता येते का नाई, थे जोडून पाह्यल्याबिगर कसा सांगू?"

दुसरा मार्ग नव्हता. फळ्या सुटल्या, तारा सैल होऊन त्यांची वेटोळी झाली. त्यांच्या लोखंडी चौकटीकडे पाहून इस्तारी उदारपणे म्हणाला, "लोखंड आमच्या खात्यात येत नाई, गाडीनं खुशाल न्या." मास्तरांनी धडा तिथेच सुरू केला, दुखऱ्या जागेवरून माणूस हात फिरवतो तसा. अडीचशे वर्षांमागे इटलीतल्या एका कारागिराने हे वाद्य घडवले. त्याआधीच्या वाद्यात पिसाच्या दांडीने तार छेडली जाई. बोट हळू टेका की जोरात, आवाज एकच. या कारागिराने पिसाऐवजी हातोडी बसवली आणि बोटातली माया किंवा राग तारेपर्यंत पोचू लागला. प्रत्येक मोळीबरोबर एकेक गोष्ट डोक्यावर चढत गेली. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, तितक्याच हातोड्या, कसरीने कुरतडलेली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चिरगुटे. बांबू वर झाला आणि पियानो मुंग्यांच्या रांगेसारखा नाक्याखालून शाळेत गेला.

तपासनीस ठरल्यापेक्षा तासभर आधीच येऊन बसले होते; जोडायला वेळ उरला नव्हता.

"पियानो कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"हा असा आहे, साहेब," मास्तर म्हणाले. मुलांच्या मांड्यांवर पियानो पसरला होता.

साहेबांच्या कपाळावर आठी उमटली. त्यांनी रंभाकडे बोट केले. "तुझ्या हातात काय?"

"हातोडी. पट्टी दाबली का दुसऱ्या टोकाले हे उठते. धान कांडाच्या ढेकीवानी. पाय इकडे, मुसळ तिकडे. पन तारेले लागली का लगेच मांगं सरते. चिकटून राह्यली त सूर मरते."

"आणि हा नमदा?"

"बोट उचललं का थो तारेवर पडते," मागून एकजण म्हणाला. "म्हंजे बोलनं झालं का तोंडावर हात."

साहेब हसले. त्यांनी पाऊण तास विचारले. एकही उत्तर चुकले नाही. ज्याने जे वाहिले ते त्याला पाठ होते. मास्तरांच्या छातीत नागपूरची ती संध्याकाळ पुन्हा उजाडू लागली. साहेबांनी शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचला: "धडा अत्यंत उपयुक्त. इतका परिणामकारक पाठ मी पाहिला नाही."

"म्हणजे पियानो शाळेचा, साहेब?"

"छे, छे. तुम्हीच तर सिद्ध केलंत, मास्तर, की वाद्य जोडलेलं असण्याची गरजच नाही. एका शाळेत अडकवून का ठेवायचं? माझ्याकडे शाळा एकशेबारा. अठ्ठ्याऐंशी शाळांना एकेक पट्टी देऊ, उरलेल्या चोवीसांना हातोड्या."

"पण साहेब, मुलांनी तो अजून ऐकलेला नाही."

"ऐकणं ही चैन झाली. रचना कळणं हे शिक्षण."

"बरं झालं," सोमाजी मास्तरांच्या कानाशी पुटपुटला. "जोडाची कटकट गेली."

टाळ्या झाल्या. साहेबांनीच सुरुवात केली, मग मुलांनी. त्या विरतात न विरतात तोच रंभा उठली.

"गुर्जी, थो वाजला का आयकाले कसा लागते, हे सांगाचं राह्यलं."

साहेबांनी कौतुकाने मान वळवली. पंचेचाळीस तोंडे मास्तरांकडे लागली. सांगण्यासारखे पुष्कळ होते. वर्षानुवर्षे एकेक शब्द घासून त्यांनी ते आत रचून ठेवले होते. त्यांनी तोंड उघडले. समोर मांड्यांवर फळ्या होत्या, पट्ट्या होत्या, चिरगुटे होती.

"ते," मास्तर म्हणाले, "परीक्षेला नाही."

मुलांनी पाट्या पुसायला घेतल्या.