माफीचा धडा

फिटरसाहेबांनी ठरवलं, बायकोची माफी मागायची. ती कशी मागतात हे मात्र माहीत नव्हतं. (संसारात कधी गरजच पडली नाही, असं त्यांचं मत. बायकोचं मत कुणी विचारलं नव्हतं.)

झालं होतं एवढंच, की मुलीच्या सासरच्या माणसांसमोर ते म्हणाले, "हिला काय कळतंय!" तेव्हापासून बाईंनी तोंड शिवलं. ताट पुढ्यात आदळायचं. आणि आज सकाळी बॅग भरली. संध्याकाळच्या गाडीने मुलीकडे, परतीचं तिकीट न काढता.

मुलगा 'कुठेही शिका' नावाची यंत्रणा बनवत होता. घरभर तिचे स्पीकर टांगलेले. शिकणारा खोली बदलेल तसा धडा त्याच्या पावलांचा आवाज ऐकून मागेमागे जायचा. (कर्जवसुलीवाला बरा.) त्यात 'गोड कसं बोलावं' हाही विषय होता. फिटरसाहेबांनी निजायच्या खोलीचं दार लावलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "माफी."

"छान!" स्पीकर म्हणाला. "माझ्यामागून म्हणा: चूक माझीच होती."

साहेबांनी तोंड उघडलं. शब्द गंजलेल्या नटासारखा घशात बसला. ते हलेनात, बोलेनात. यंत्राला वाटलं, गडी उठून गेला. त्याने पावलं शोधली. पावलं स्वयंपाकघरात वाजत होती.

"मोठ्याने म्हणा," तिकडून ऐकू आलं, "चूक माझीच होती!"

"घ्या! आता भिंतीसुद्धा माझ्याकडूनच वदवून घेणार!" बायको कडाडली.

"पूर्ण वाक्य म्हणा."

"यांच्याशी लग्न केलं, ही चूक माझीच होती! झालं समाधान?"

"शाब्बास! आवाजात खरेपणा आहे. आपण उत्तीर्ण."

फिटरसाहेब धावत आले. "अगं, ते मी म्हणणार होतो!"

"काय? लग्न केलं ते?"

"नाही गं! म्हणजे... हे यंत्र चुकलं!"

"हो ना. तुमचं कसं चुकेल?" बाईंनी बॅग उचलली.

एवढ्यात मुलगा मोबाइल नाचवत आला. "बाबा, पहिल्याच फटक्यात पास! आणि खोली बदलली तरी धडा तुटला नाही, बघितलंत?"

"अरे, तुझी आई चालली!"

"हो, सोडून येतो तिला. तुम्ही तोवर प्रमाणपत्र बघा."

दार लागलं. घरात फिटरसाहेब एकटे उभे राहिले. जरा वेळाने स्पीकर आपणहून बोलला,

"अभिनंदन! पुढचा धडा: गॅस कसा पेटवावा."