घरी कान आहेत का?

शनिवारी दुपारी बेल वाजली की दारात इल्दुस आगाय उभे. एका हातात मधाची बरणी, दुसऱ्या हातात एक कागद आणि तोंडात ठरलेला प्रश्न, "घरी कान आहेत का?"

आगाय म्हणजे त्यांच्याकडचे दादा. जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ बाश्कीर लेखक आहेत. त्यांचे लोक रशियात, उरल पर्वताच्या बाजूला राहतात. लिहिलेलं पान कुणी ऐकल्याशिवाय पुरं होत नाही, असं त्यांचं ठाम मत. "अहो, पण आम्हाला तुमची भाषा कुठे येते?" म्हटलं तर जर्मनमध्ये झापतात, "मी कान मागतोय. अक्कल कोण मागतंय?"

सगळी इमारत सोडून आम्हीच का? तर आम्ही चहात दूध घालतो. कोरा चहा पिणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही. वाचन संपलं की मी टेबलाखालचा मोबाइल खिशात सरकवून म्हणायचो, "वा! आजचं तर फारच छान!" बायको मधाची बरणी आत नेऊन ठेवायची.

गेल्या शनिवारी मला मॅच बघायची होती. बेल वाजताच मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि सगळ्यांना गप्प बसायची खूण केली. आमच्या मीराने सरळ जाऊन दार उघडलं. "पापा इस्ट डोख डा!" माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली. बाबा घरातच आहे की! धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

आगाय आत येऊन बसले. कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. "आज तुम्ही वाचा. तुमच्या भाषेतलं."

घरात मराठी पुस्तक एक नाही. मी उगाच कपाटं उघडून बघितली. शेवटी बायकोने पुण्याहून आणलेल्या गोड्या मसाल्याचं पाकीट पुढे केलं. काय करणार? वाचलं. "धने, तीळ, खोबरं, दगडफूल..." आगाय डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा."

"तेच?"

"त्यात काय? मी वर्षभर तुम्हाला एकच पान वाचतोय."

आणि मी दर शनिवारी 'आजचं छान' म्हणत होतो!

"माझ्या बायकोने ते अर्धंच ऐकलं," चहाच्या कपाकडे बघत ते म्हणाले. "मध्येच तिचा डोळा लागला, तो पुन्हा उघडलाच नाही. हे पान पुरं झाल्याशिवाय पुढचं कसं लिहू?"

मला मान वर करायची लाज वाटत होती. मी उठून टीव्ही बंद केला, मोबाइल आतल्या खोलीत ठेवून आलो आणि त्यांच्यासमोर बसलो.

"आगाय, घरी कान आहेत."

त्यांनी खिशातून कागद काढला, पण घडी उलगडायला त्यांना फार वेळ लागला.