लाल गाडीच्या दारातलं पाणी

"सोपानराव, तुमच्यासमोर उभा आहे तो साधासुधा माणूस नाही," मारुतराव म्हणाले. "एकतीस वर्षं क्वालिटी डिपार्टमेंट. माझ्या नजरेखालून साडेचार लाख गाड्या गेल्या, एक खोट सुटली नाही. परदेशातून मोठे साहेब यायचे, तेसुद्धा माझ्याशी बोलण्याआधी स्वतःच्या शर्टाची बटणं तपासून घ्यायचे. चोर असो, चूक असो, नाहीतर चिलट असो, माझ्या हातून निसटत नाही."

सोपानराव बशीतला चहा फुंकत ऐकत होते. हे भाषण त्यांनी साखरपुड्यात ऐकलं होतं, लग्नात ऐकलं होतं आणि गेल्या जूनमध्ये नातवाच्या बारशाला माइकवरून ऐकलं होतं. साखरपुड्यात गाड्यांचा आकडा तीन लाख होता. मारुतरावांना रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी आकडा वाढतच होता.

पण मारुतराव पडले लेकीचे सासरे. चाकणजवळच्या निघोज्यात लेकीच्या सासऱ्याला कुणी खोटं पाडत नाही. त्याला वाढतात, आणखी आग्रह करतात, आणि तो बोलत असला की मान डोलावतात. सोपानरावांनी मान डोलावली.

रिटायर झाल्यावर मारुतरावांनी पिंपळे गुरवात आपल्या दारावर 'शोधक' अशी पाटी लावली होती. आतापर्यंत त्यांनी तीन केसेस सोडवल्या होत्या. त्यांतल्या दोन, आधीच सुटून मग त्यांच्याकडे आल्या होत्या. ही चौथी. सोपानरावांच्या लाल गाडीत पाणी कुठून येतं?

जमीन कंपनीला गेली तेव्हा भावकीतल्या प्रत्येकाने पांढरी, उंच, फाटकात न मावणारी गाडी घेतली होती. सोपानरावांनी लाल घेतली. दोन दारांची, दोन सीटची, कापडी टपाची, जमिनीला पोट टेकल्यासारखी बुटकी, आणि त्यांच्या लेकीपेक्षा, तेजस्विनीपेक्षाही वयाने मोठी. गावाने विचारलं, "ह्यात बायकू बसल्यावर भाजी कुठं ठिवायची?" सोपानराव बॉनेट पुसत राहिले. तरुणपणी नाशिक रोडवर बैलगाडी हाकताना अशीच एक लाल गाडी त्यांना ओलांडून गेली होती. बैल बिचकले नव्हते, सोपानराव बिचकले होते. ते अजून सावरले नव्हते.

दर रविवारी ते गाडी धूत. आधी पाइपने नुसतं पाणी सोडायचं, कारण चाकणच्या ट्रकांची धूळ कोरडी पुसली की रंगावर ओरखडे उठतात. मग दोन बादल्या, एक साबणाची, दुसरी फडका खळबळायची. फडका बायकोच्या, गोजाबाईंच्या, जुन्या सुती लुगड्याचा. नव्या कापडाला ते गाडीच्या जवळ फिरकू देत नसत. चाकांच्या तारांमधून टूथब्रश, दारांच्या रबराला ग्लिसरीनचं बोट, आणि शेवटी मेण, हळूहळू, गोल गोल.

"एवढी कधी माझी पाठ चोळली न्हाई," गोजाबाई ओट्यावरून म्हणत.

"तुझा रंग कुठं उडालाय?" सोपानराव म्हणत, आणि हे कौतुक की टोमणा ते गोजाबाईंना लग्नाला अडतीस वर्षं होऊनही ठरवता आलं नव्हतं.

हे सगळं सुखाने चाललं होतं. पण पावसाळ्यात गाडी पत्र्याच्या शेडमध्ये असूनही तिच्या पायाखालची सतरंजी ओली दिसायला लागली. सोपानराव पुसत, पंखा लावत, पिळून काढत. दोन दिवसांनी पुन्हा ओली. पुढेपुढे तर घोटाभर पाणी साचलं. दारंही जड झाली. बिजागरी म्हातारी झाली असेल, असं समजून सोपानरावांनी तिला तेल घातलं.

गोजाबाई बचत गटाच्या अध्यक्षा. 'आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस, पाणी साठवू नका, डास वाढवू नका' असं घरोघर जाऊन सांगणाऱ्या. आणि मंगळवारी आरोग्य खात्याची वर्षाली टॉर्च घेऊन आली, गाडीत डोकावली, आणि तिला तिथे डासांच्या अळ्या सापडल्या.

"काकू," वर्षाली हळूच म्हणाली, "तुमच्याच घरात?"

तिने नियमाप्रमाणे फाटकावर खडूने नोंद केली. सगळ्या आळीने ती वाचली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी वाचून घेतली.

त्याच संध्याकाळी गोजाबाईंनी निकाल दिला. मारुंजीला राहणारा निरंजन नावाचा एक संगणकवाला जुन्या गाड्या जमवत होता. तो रविवारी सकाळी येऊन लाल गाडी घेऊन जाईल.

"पाणी का येतंय त्येवढं तरी बगू दे," सोपानराव म्हणाले.

"रैवारपातुर बगा. कोरडी झाली तर ऱ्हाईल. न्हाई झाली तर जाईल."

सोपानरावांनी लेकीला फोन केला. तेजस्विनीने काळजीने ही गोष्ट सासऱ्यांच्या कानावर घातली. आणि शुक्रवारी सकाळी मारुतराव भिंग, डायरी आणि दोन दिवसांचे कपडे घेऊन हजर झाले.

आधी त्यांनी गाडीतलं पाणी बोटाने चाखलं. डोळे मिटले.

"बोअरचं आहे," ते म्हणाले.

"पाव्हणं, आमच्याकडं समदं बोअरचंच हाय," गोजाबाई म्हणाल्या.

मारुतरावांनी डायरीत लिहिलं, 'विहीणबाईंची कबुली.'

पहिला संशय कापडी टपावर. मारुतराव स्वतः गाडीत बसले, काचा लावल्या आणि सोपानरावांना म्हणाले, "सोडा पाइप. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही." सोपानरावांनी अर्धा तास पाणी सोडलं. मारुतराव आतून ओरडत होते, पण पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, आणि थांबवलं तर पाहुण्यांचा शब्द मोडल्यासारखं झालं असतं. बाहेर आले तेव्हा मारुतराव घामाने चिंब होते. टप मात्र एका थेंबाला गळला नव्हता.

"टप निर्दोष," त्यांनी जाहीर केलं, आणि जेवायला बसले.

दुपारून गाडीत आणखी दोन बोटं पाणी वाढलेलं दिसलं.

"बाहेरचा माणूस आहे," मारुतराव कुजबुजले. "शेजारी कोण राहतं?"

शेजारी चुलत पुतण्या रोहिदास राहत होता. मधली भिंत बांधल्यापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. मारुतरावांनी त्याला भिंतीवरूनच उलटतपासणीला घेतलं.

"आज सकाळी कुठे होतास?"

"फर्स्ट शिफ्टला."

"कोण म्हणतं?"

"कंपनी म्हणती. पंचिंग दाखवू का?" रोहिदासने मोबाइल पुढे धरला. "आन पाव्हणं, मला पानी वतायचंच आसतं तर म्या माझ्या मिरच्यांना वतलं आसतं. चुलत्याच्या गाडीला कशापायी वतू? तिला काय मिरच्या लागणार हायेत?"

या उत्तरात मारुतरावांना खोट सापडेना. त्यांनी रोहिदासला तात्पुरतं सोडून दिलं. रोहिदासने भिंतीपलीकडून सोपानरावांकडे बघून डोळा मारला. चार वर्षांत दोन्ही घरांतला तो पहिला संवाद.

संध्याकाळी तिसरा अंदाज निघाला. जुनी गाडी आहे, तिला घाम येत असेल. रात्रीच्या जेवणापर्यंत तो मारुतरावांनीच मागे घेतला, कारण मग तो सीटलाही आला असता.

शनिवारी सकाळी त्यांनी शेवटचं हत्यार काढलं.

"कंपनीत आम्ही पाच वेळा 'का' विचारायचो. पाचव्या 'का'ला मूळ कारण हातात येतं. चला. गाडीत पाणी आहे. का?"

"येतंय म्हणून," सोपानराव म्हणाले.

"का येतंय?"

"गाडी हाय म्हणून. ट्रॅक्टर आसता तर खाली गेलं आसतं."

"गाडी का आहे?"

"म्या घेतली."

"का घेतली?"

"आवडली."

"का आवडली?"

सोपानरावांनी फडका उचलून आरसा पुसायला घेतला. हे त्यांना चारचौघांत सांगता येण्यासारखं नव्हतं. मारुतरावांनी डायरी मिटली. "मूळ कारण, मालकाची आवड," ते खेदाने म्हणाले. "यावर उपाय विहीणबाईंनी सुचवला आहेच."

सोपानरावांच्या हातातला फडका तसाच राहिला. उद्या सकाळी निरंजन येणार होता. त्यांनी उगाच बॉनेटवरून हात फिरवला. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी गोजाबाई खराटा आणि बादली घेऊन शेडमध्ये आल्या. गाडी जायची ती जाऊ दे, पण परक्या माणसाने 'घरात घाण होती' म्हणायला नको. त्यांनी डावं दार उघडलं, आणि थबकल्या. दार पुन्हा थोडं उचलून पाहिलं.

"आवो," त्या म्हणाल्या, "ह्ये दार न्हाई. हा भरल्याला हंडा हाय."

"बिजागरी गेलीय," सोपानराव म्हणाले.

"विहिरीवरनं पंधरा वर्सं पानी वाह्यलंय म्या. पान्याचं वजन मला सांगू नका."

त्या खाली बसल्या, दाराच्या बुडाला बोटं चाचपली. तिथे काहीतरी मऊ लागलं. नखाने उचकटलं तर काळं, गोल, रबराचं बूच निघालं, आणि मागोमाग पाण्याची धार लागली. एक बादली भरली. दुसरं बूच काढलं, पाणी शेडमधून अंगणात गेलं. दोन्ही दारांची मिळून सहा बुचं निघाली. दाराच्या काचेशेजारून धुण्याचं पाणी आत उतरत होतं, खाली जायला वाट नव्हती, म्हणून दार भरत होतं आणि जास्तीचं आठवडाभर आतल्या बाजूला झिरपत होतं. एवढंच.

मारुतराव धावत आले. सहाही बुचं त्यांनी तळहातावर घेतली, भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! काय काम आहे! कड बघा, चहूबाजूंनी कशी सारखी बसली होती. आधी अंगठ्याने दाबलंय, मग नख फिरवलंय. ही पद्धत लाइनवरची. म्हणजे गुन्हेगार कंपनीतला. नवशिका नाही, वीस वर्षं केलेला… नाही, तीस! आणि डावखुरा आहे, नखाची खूण बघा. शिवाय हे बूच बाजारात मिळत नाही सोपानराव, हे फक्त आमच्या…"

ते थांबले. भिंग त्यांच्या डाव्या हातात होतं.

दारातून अजून थेंब पडत होते.

सोपानरावांना बारशाची सकाळ आठवली. आचारी यायच्या आधी, जुनी गोधडी अंथरून मारुतराव गाडीखाली शिरले होते. "घरचीच गाडी, एकदा तपासून देतो," म्हणाले होते. एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांचे तळ तपासले होते, आणि तळाचं प्रत्येक भोक बुचाने बंद पाहिजे, हा त्यांचा धर्म होता. कंपनीत दारं दुसऱ्या शेडमध्ये लागायची. दाराच्या बुडाची भोकं पाणी जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली असतात, हे सांगायला त्या शेडमधून या शेडमध्ये कुणी आलं नव्हतं.

मारुतरावांचा चेहरा उतरत होता. साडेचार लाख गाड्या एकेक करून त्यांच्या डोळ्यांसमोरून मागे निघाल्या असाव्यात.

सोपानरावांनी मारुतरावांच्या तळहातावरून बुचं उचलून घेतली. लेकीच्या सासऱ्याला या अंगणात ओलं केलं, तर त्याची ओल पिंपळे गुरवात लेकीच्या स्वयंपाकघरात निघणार होती.

"म्याच लावली," ते म्हणाले. "भोकं दिसली, लावली. इसरून गेलो."

गोजाबाईंनी नवऱ्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं. ते गुडघे गाडीखाली जाणं सोडा, पाटावर बसायलाही कुरकुरत. मग त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ह्यांनीच लावली आसनार. ह्यांना काय बी सुचतं." पण राग आत साचलेला होता, तोही त्याच वाटेने बाहेर आला. "मंग तर गाडी जायालाच पायजे! गाडी चांगली निगाली, धनीच नासका निगाला. ह्यांच्यापायी माझ्या फाटकावर खडू वढला!"

सोपानरावांनी हे हिशेबात धरलंच नव्हतं. गाडी निर्दोष ठरली, आणि धनी दोषी ठरला म्हणून घरातून चालली. दिलेली कबुली आता परत घेता येत नव्हती. 

मारुतराव खाकरले. डायरी उघडली, लिहायला गेले, आणि न लिहिताच मिटली.

"विहीणबाई, चार वर्षांत मी या घरी कधी काही मागितलं?"

"न्हाई, पाव्हणं. कदीच न्हाई."

"आज मागतो. गाडी ठेवा."

गोजाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आरोपी समोर, गुन्हा कबूल, आणि लेकीचा सासरा हात पसरून दारात. निघोज्यात आजवर कुठल्या विहिणीने अशा वेळी 'न्हाई' म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"तुमचा शबूद मोडवत न्हाई," त्या दातांतून म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."

"पण अट आहे," मारुतराव सोपानरावांना म्हणाले. ते बघत मात्र होते स्वतःच्या पायांकडे. "यापुढे दुसऱ्याच्या… म्हणजे, कुठल्याच भोकाला हात लावायचा नाही."

"न्हाई लावणार," सोपानराव म्हणाले.

गाडी विकायची नाही, असा निरंजनला फोन गेला. संध्याकाळी मारुतराव निघाले, फाटकाशी सोपानरावांचा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरला. सोपानरावांनी त्यांना इतका वेळ गप्प प्रथमच पाहिलं.

गोजाबाईंनी मात्र बचत गटाच्या बैठकीत आपली अब्रू पुरेपूर भरून काढली. नवऱ्याने दारांना बुचं ठोकून दारातच विहीर केली, ही हकिगत आठवडाभरात चाकणपर्यंत पोचली. पुढच्या रविवारी सोपानराव गाडी धुवायला निघाले, तर भिंतीवर रोहिदास हनुवटी टेकून उभा होता.

"काय चुलतं, आज कुठं बुचं मारताय?"

 सोपानरावांनी दारावर पाइप धरला. पाणी काचेवरून आत गेलं, क्षणभर नाहीसं झालं, आणि दाराच्या बुडातून तीन बारीक धारा लागून त्यांच्या पायांवर आलं. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तिथेच उभे राहिले.