शेवट ऐकून रडलेला इसम

भिंगराव हे त्याचं खरं नाव नव्हे. पण चष्म्याच्या दुकानात बसून जगातली गुन्हेगारी थोपवून धरणाऱ्या माणसाचं खऱ्या नावावाचून काही अडत नाही. त्याची नजर ससाण्याची, बुद्धी वस्तऱ्याची आणि वाचायचा चष्मा अडीचचा होता. आजवर त्याने सतरा प्रकरणांचा छडा लावला होता. त्यांपैकी सोळा त्याच्याच हरवलेल्या चष्म्याची होती आणि चष्मा दर वेळी कपाळावर सापडला, एवढा तपशील तो सांगताना नम्रपणे गाळत असे.

अठरावं प्रकरण शनिवारी दुपारी तीन वाजता भाचीच्या रूपाने दुकानात शिरलं.

भाचीने लहानपणी खेळलेल्या एका व्हिडिओ गेममधली धून घेऊन तिचं केल्टिक, म्हणजे आयर्लंडकडच्या लोकसंगीताच्या ढंगाचं रीमिक्स केलं होतं: टिनची बासरी, फिडल म्हणजे तिकडचं व्हायोलिन आणि चपटा ढोल. रीमिक्सवाल्यांच्या एका वेबसाइटने ते दोनदा परत पाठवलं होतं. तिसरी आणि शेवटची संधी आज पाचपर्यंत. नेमकं कुठे चुकतंय ते कळावं म्हणून तिने बुधवारी मामाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला हेडफोन लावून दिले होते, शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक डबा. नाव लिहायचं नाही, पण खरं लिहायचं.

डब्यात दोनच चिठ्ठ्या निघाल्या. पहिली म्हणत होती, 'एक मिनिट चाळीस सेकंदांनी मध्येच बंद पडतं. मुद्दाम केलंय का?' भाचीने बघितलं तर खरंच, दुकानात फाइल अर्धीच कॉपी झाली होती. दुसरी चिठ्ठी म्हणत होती, 'अप्रतिम! शेवट ऐकून डोळ्यांत पाणी आलं!!!'

"पण इथे शेवट नव्हताच," भाची म्हणाली. "मग या माणसाने तो ऐकला कुठे?"

भिंगराव उभा राहिला. "चोरी! अख्खी फाइल कोणीतरी लांबवली आहे."

"चोरी राहू दे, मामा. ज्याने शेवटपर्यंत ऐकलंय त्याला मला विचारायचंय, मधला भाग कसा वाटला. दोन तास उरलेत."

भिंगरावाने चिठ्ठीवर भिंग धरलं. "ओळ वर चढलीय, म्हणजे लिहिणारा स्वतःला शहाणा समजतो. शाई लिहिता लिहिता पुसलीय, म्हणजे डावखुरा. अक्षर एवढं थोरलं, म्हणजे जवळचं दिसत नाही, पन्नाशीचा असणार. आणि तीन उद्गारचिन्हं! हा काहीतरी लपवतोय." असं म्हणून त्याने डाव्या हाताने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.

पहिला संशय फ्रेम विकणाऱ्या सेल्समनवर. तो पंचविशीचा आणि उजखुरा निघाला, तेव्हा भिंगराव म्हणाला, "सोंग पक्कं वठवलंय." दुसरा संशय शेजारच्या शिंप्यावर, डोळ्यांतून पाणी येतं म्हणून तो गुरुवारीच येऊन गेला होता. भिंगरावाने त्याला बोलावून कोंडीत पकडलं.

"खरं सांग, कशाने पाणी येतं?"

"सुईत दोरा ओवताना यायचं. तुम्ही थेंब दिलेत तेव्हापासून नुसतं बसलो तरी येतं."

चार वाजले. भाची नखं खायला लागली. एवढ्यात आतल्या खोलीतून काचा घासणाऱ्या बाई हात पुसत आल्या आणि त्यांनी दुसरी चिठ्ठी उचलली.

"पहिली माझी आहे," त्या म्हणाल्या. "आणि ही तुमची. अकरा वर्षं तुमच्या हातचं 'उजवा डोळा, डावा डोळा' वाचून काचा घासतेय. शेपटीवाला ळ दुसऱ्या कोणाचा असणार?"

भिंगरावाला बुधवार आठवला. समोर गिऱ्हाईक होतं, घाई होती. शेजाऱ्यांच्या नाटकाला, साडूच्या भाषणाला, सगळ्यांना त्याने हेच वाक्य दिलं होतं.

"मामा, ऐकलंस तरी का?"

"हेडफोन लावले होते."

"आणि?"

"सुरू करायचं राहिलं."

"याआधीही दोनदा 'झकास झालंय, पाठव' म्हणालास. तुझ्या शब्दावर पाठवलं मी." भाचीचा आवाज बारीक झाला. "मला कौतुक नको होतं रे. कोणीतरी ऐकायला हवं होतं."

भिंगरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने दारावर 'बंद'ची पाटी लावली, भाचीच्या लॅपटॉपला हेडफोन जोडले आणि या खेपेला आठवणीने सुरूही केलं. तीनदा, अथपासून इतिपर्यंत.

"मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही," तो अखेर म्हणाला. "पण मध्ये बासरी आणि फिडल दोघं एकदम बोलतात. धड कोणाचंच ऐकू येत नाही."

भाचीने तेवढ्या जागेतलं फिडल बंद करून बघितलं. पुन्हा ऐकलं. मग तिने चार बावन्नला फाइल पाठवून दिली.

मग भिंगरावाने नवी चिठ्ठी लिहिली आणि खाली सहीसुद्धा केली: 'मधला भाग आता स्वच्छ ऐकू येतो. शेवट बरा आहे. रडू आलं नाही.'

ती वाचता वाचता भाचीचे डोळे भरून आले. भिंगरावाच्या ससाण्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्याने तत्काळ निदान केलं आणि थेंबांची बाटली पुढे केली.