मेरेआनाच्या उमेदवारी अर्जाचं प्रकरण

"या खोऱ्यात गुन्हे घडत नाहीत, कारण इथे मी राहतो," असं क्लॅरी हॉगबेन स्वतःची ओळख करून देताना सांगायचा. तीस वर्षं मेंढ्यांच्या कानातले बिल्ले तपासून तो निवृत्त झाला होता आणि त्या अनुभवावर माणसांची मनं वाचत होता. त्याची बहीण नोलीन गाडी चालवायची, टिपणं ठेवायची आणि गप्प बसायची. यातलं तिसरं काम सर्वांत अवघड होतं.

शुक्रवारी सकाळी दहाला मेरेआना धापा टाकत दारात आली. शाळेच्या मंडळावर पालकांमधून तीन जण घ्यायचे होते आणि ती उभी राहणार होती. वरच्या रस्त्याची शाळेची बस बंद करायचं घाटत होतं. तसं झालं तर तिच्या दोन्ही मुलींना रोज पाच किलोमीटर तंगडतोड करावी लागणार होती.

"क्लॅरीकाका, माझा उमेदवारी अर्जच गायब झालाय! सूचक म्हणून शेजारच्या ट्रिशची सही हवी होती. सही करून पाठवलाय, असा काल तिचा निरोप आला. टपालपेटीत बघते तर काही नाही. आणि ती पहाटेच मेंढ्या उतरवायला डोंगरावर गेलीय, तिथे फोन लागत नाही. बारा वाजता मुदत संपते हो!"

तिने फी म्हणून एक पत्र्याचा डबा पुढे केला. "आल्याची बिस्किटं आहेत, ट्रिशच्या हातची. डबा तेवढा आठवणीने परत द्या."

क्लॅरीने डबा मांडीवर घेतला आणि तपास सुरू झाला.

पहिला संशयित ब्रूस मॅकलीवी, कारण त्याने अर्ज आधीच भरला होता. "त्याच्या बुटांना चिखल आहे," क्लॅरी बिस्किट मोडत पुटपुटला. "टपालपेटीपाशीही चिखलच आहे!"

"आठवडाभर पाऊस आहे, क्लॅरी. माझ्याही बुटांना चिखल आहे."

क्लॅरीने संशयितांच्या यादीत नोलीनचं नाव लिहिलं.

मग टपालवाली. ती घाईत होती, म्हणजे नक्की काहीतरी लपवत होती. दोन बिस्किटं. मग मेरेआनाची शेळी, कारण तिला कागद आवडतो. क्लॅरीने तिची उलटतपासणी घेतली. तिने संशयितांची यादी खाल्ली.

पावणेबाराला गाडी शाळेसमोर उभी होती. मागच्या सीटवर मेरेआनाचे डोळे भरून आले. "बस जाऊ देणार नाही, असं पोरींना सांगून बसलेय मी."

नोलीनने मागे वळून तिला रुमाल दिला. डब्यात एकच बिस्किट उरलं होतं आणि सकाळपासून तिला कोणी 'घे' म्हटलं नव्हतं. तिने डबाच हिसकावला. बिस्किटाखाली बटरपेपर होता. बटरपेपरखाली पाकीट.

"अगं, तुझाच ना हा डबा?" नोलीन म्हणाली. "ट्रिशने तुझ्याच डब्यातून अर्ज परत पाठवला. आता डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून वर बिस्किटं भरली!"

मेरेआनाने कपाळावर हात मारला.

"म्हणून तर मी सकाळपासून डबा रिकामा करत होतो," क्लॅरी शांतपणे म्हणाला.

बाराला चार मिनिटं कमी असताना शाळेच्या कारकून ग्वेनबाईंनी अर्ज हुंगला आणि शिक्का मारला. तिथेच वाट बघत बसलेला ब्रूस खुर्चीतून उठून जवळजवळ नाचलाच.

"आलीस बाई एकदाची! जागा तीन, आणि आतापर्यंत अर्ज आम्हा दोघांचेच. शौचालयांच्या दुरुस्तीचं मीच बघायचं की काय, या धास्तीने झोप नव्हती मला."

ग्वेनबाईंनी बारा वाजेपर्यंत घड्याळाकडे पाहिलं. चौथं कोणी आलं नाही. "मतदानाची गरजच नाही. मेरेआना, तू आलीस निवडून. पहिल्या बैठकीत काय विषय घेऊ?"

"बस," मेरेआना म्हणाली आणि नोलीनच्या गळ्यात पडली.

संध्याकाळी नोलीनने डबा धुऊन पुसून त्यात गरम स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, भरले. क्लॅरीचा हात पुढे आला.

"हात लावायचा नाही," नोलीन झाकण दाबत म्हणाली. "पुरावा आहे तो."